श्वासावाटे दिलेले प्रतिजैविक आणि फुप्फुसाची सह्यता

रोग जर फुप्फुसात आहे तर औषधही थेट फुप्फुसातच का पोहोचवू नये, हा विचार फार जुना आहे. आपल्या देशात दम्याच्या रोग्याला धोतऱ्याचा धूर ओढावयास देत असत. १८०२ च्या सुमारास ही पद्धत मद्रासहून इंग्लंडात गेली आणि पुढे तेथे धोतऱ्याच्या पानांच्या सिगारेटी औषधाच्या दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हाती आले तेव्हा त्याचाही फवारा करून रोग्यांना हुंगविण्यात आला. त्या काळचे पेनिसिलिन पुरेसे शुद्ध नसे आणि फवारा करण्याची साधनेही ओबडधोबड होती. त्यामुळे खोकल्याची उबळ व छातीत जळजळ होई, आणि ही कल्पना बरीच वर्षे मागे पडली. ती पुन्हा पुढे आली ती एका विशिष्ट गरजेतून.

ही गरज समजण्यासाठी एका जंतूची ओळख करून घ्यावी लागेल. स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जंतू माती, पाणी, ओलसर नळ अशा ठिकाणी सर्वत्र आढळतो. धडधाकट माणसाच्या फुप्फुसात त्याला थारा मिळत नाही. परंतु ज्या फुप्फुसातील श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या व सैल झालेल्या आहेत, किंवा ज्यांतील कफ घट्ट होऊन साचून राहतो, तेथे तो एकदा शिरला की सहसा बाहेर पडत नाही. स्वतःभोवती चिकट आवरण विणून तो कफात दडून बसतो. सिस्टिक फायब्रोसिस ह्या आनुवंशिक रोगात असेच घडते. हा रोग गोऱ्या लोकांचाच आहे असे आपल्याकडे पुष्कळ वर्षे समजले जाई. भारतीय मुलांतही तो आढळतो, केवळ निदान होत नसे, हे पुढे ध्यानात आले. परंतु आपल्या देशात ह्याहून मोठा वर्ग आहे तो क्षयरोगातून बरे झालेल्यांचा. क्षयाचे जंतू मरतात, पण त्यांनी पोखरलेल्या श्वासनलिका पूर्ववत होत नाहीत. श्वासनलिका रुंदावलेल्या २,१९५ भारतीय रोग्यांची जी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रोग्यांमध्ये मूळ कारण क्षयरोग हेच होते.

स्यूडोमोनसवर चालणारी औषधे मोजकी आहेत. त्यांपैकी टोब्रामायसिन व अमिकासिन ही शिरेतून दीर्घकाळ दिली तर मूत्रपिंडांना व अंतर्कर्णाला इजा करतात. कित्येक रोग्यांचे ऐकू येणे कायमचे गेले आहे. फवाऱ्याने हा पेच सुटतो. टोब्रामायसिनची ३०० मिलिग्रॅमची मात्रा पाच मिलिलिटर द्रवातून श्वासावाटे दिली असता कफातील औषधाचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या शेकडो पट होते, आणि मूत्रपिंडापर्यंत त्याचा अल्पसा अंशच पोहोचतो. मात्र फवाऱ्याचे थेंब एक ते पाच मायक्रॉन एवढे बारीक हवेत. त्याहून मोठे थेंब घशातच अडतात आणि फार सूक्ष्म असले तर पुष्कळसे उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतात.

अमेरिकेत ५२० सिस्टिक फायब्रोसिसच्या रोग्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. अठ्ठावीस दिवस फवारा व अठ्ठावीस दिवस विश्रांती असा क्रम ठेवून वीस आठवड्यांनंतर मोजणी केली, तेव्हा औषध घेणाऱ्यांची श्वसनक्षमता सरासरी दहा टक्क्यांनी वाढलेली होती. नुसता निरुपद्रवी द्रव हुंगणाऱ्यांची दोन टक्क्यांनी घटलेली होती. वर्षानुवर्षे उतरणीला लागलेल्या रोगात एवढी चढण म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. ह्या क्रमातील विश्रांतीचा महिना वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता अडचणीकडे वळू. फवारा सुरू होऊन काही मिनिटे झाली आहेत, आणि रोगी सांगतो की छाती आवळल्यासारखी वाटते. तो खोकू लागतो, श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येऊ लागतो. श्वासनलिकांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायूंचे पट्टे असतात. ते आकुंचन पावले की नळीचा पोकळ भाग अरुंद होतो, आणि मुळातच कफाने भरलेल्या नळीत थोडीशी अरुंदताही पुष्कळ होते. म्हणून अशा औषधाची पहिली मात्रा घरी न देता रुग्णालयात देण्याचा प्रघात आहे. फवाऱ्यापूर्वी रोग्याला एका यंत्रात जोराने फुंकावयास सांगतात व पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजतात. फवाऱ्यानंतर हीच मोजणी पुन्हा करतात. पंधरावीस टक्क्यांहून अधिक घट आढळली तर ती गंभीर मानली जाते.

अशा प्रसंगी रोग्याच्या कागदावर बहुधा एकच शब्द लिहिला जातो: ॲलर्जी. तो एकदा लिहिला गेला की पुसला जाणे कठीण. पेनिसिलिनचा अनुभव ह्या बाबतीत बोलका आहे. आपल्याला पेनिसिलिन चालत नाही असे सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली असता दहांपैकी सुमारे नऊ जणांना ते बिनधोक देता येते असे आढळले आहे. ज्याच्यासाठी दुसरी दहा औषधे उपलब्ध आहेत, त्याचे अशा चुकीच्या शिक्क्याने फारसे बिघडत नाही. स्यूडोमोनसच्या रोग्यासाठी मात्र औषधे दोनचारच. त्यांतील एक गमावणे म्हणजे पुढील काही वर्षांची श्वसनक्षमता गमावणे होय. ह्यास्तव छाती आवळली ती नेमकी कशामुळे, ह्या प्रश्नाला महत्त्व येते.

सर्वांत साधे व बहुधा सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे केवळ क्षोभ. श्वासनलिकेचे अस्तर फार नाजूक असते. त्यावर पडणारा द्रव शरीरातील द्रवापेक्षा फार खारट असला, फार सौम्य असला किंवा आम्लधर्मी असला, तरी स्नायू आकुंचन पावतात. येथे औषधाचा दोष नसतो, ज्या द्रवात ते विरघळविलेले आहे त्याचा असतो. पूर्वी टोब्रामायसिनची शिरेतून द्यावयाची कुपी फोडून तिचाच फवारा करीत. ती टिकावी म्हणून तीत फिनॉल व सल्फाइटवर्गीय पदार्थ घातलेले असत, आणि सल्फाइटने दम्याच्या रोग्याचा श्वास कोंडतो हे सर्वविदित आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत फवाऱ्यासाठी म्हणून मान्यता मिळालेल्या टोब्रामायसिनमधून हे पदार्थ वगळण्यात आले. अझ्ट्रिओनामची कथाही अशीच आहे. त्याच्या इंजेक्शनात आर्जिनीन हे ॲमिनो आम्ल असते व ते श्वासनलिकांना दाह करते. म्हणून फवाऱ्यासाठी आर्जिनीनऐवजी लायसीन घालून निराळे औषध बनवावे लागले; ते २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. टोब्रामायसिनची कोरडी भुकटी हुंगण्याची सोय नंतर निघाली. ती सुटसुटीत खरी, पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत भुकटी घेणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांना खोकला झाला, फवारा घेणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना. कोरडी धूळ घशात गेली की खोकला येणारच.

दुसरा प्रकार कोलिस्टिनच्या वर्गातील औषधांचा. आपल्या शरीरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. हिस्टामीन व तत्सम द्रव्यांच्या पुड्या बाळगून त्या त्वचेत, आतड्यांत आणि श्वासनलिकांच्या अस्तराखाली दबा धरून असतात. ह्या पुड्या फुटल्या की श्वासनलिका आवळतात व त्यांना सूज येते. पॉलिमिक्सिन गटातील औषधे ह्या पेशींना कोणाच्याही मध्यस्थीवाचून चेतवू शकतात. अशा थेट चेतनेचे एक प्रवेशद्वार, म्हणजे मास्ट पेशीवरील एक ग्राही, २०१५ मध्ये प्रकाशात आले. अनेक औषधांच्या प्रतिक्रियांचा उलगडा त्यामुळे झाला. ही प्रतिक्रिया पहिल्याच मात्रेला येऊ शकते, कारण तिला पूर्वपरिचयाची गरज नसते. कोलिस्टिनच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. फवाऱ्यासाठी वापरतात ते कोलिस्टिनचे एक सौम्य रूप असते. पाण्यात कालविल्यानंतर हळूहळू त्याचे विघटन होऊन प्रखर कोलिस्टिन मोकळे होते. आधीच कालवून ठेवलेले असे औषध घेतल्यानंतर अमेरिकेतील एका सिस्टिक फायब्रोसिसच्या रोग्याला मृत्यू आला. त्यावर २००७ मध्ये तेथील औषधनियंत्रण खात्याने जाहीर इशारा दिला की हे औषध कालविल्यावर लगेच वापरावे. हवापाण्याच्या दृष्टीने पाहता, सकाळी कालविलेले औषध संध्याकाळपर्यंत टेबलावर ठेवण्याचा मोह आपल्याकडे अधिकच घातक ठरेल.

तिसरा प्रकार म्हणजे खरी ॲलर्जी. येथे शरीराने औषधाची ओळख आधीच करून घेतलेली असते व त्याविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार करून ते मास्ट पेशींवर जणू पहारेकऱ्यांसारखे उभे केलेले असतात. औषध पुन्हा आले, दोन शेजारच्या प्रतिपिंडांना त्याने एकत्र जोडले, की पेशी फुटते. मग केवळ छातीच आवळत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, रक्तदाब घसरतो. पूर्वपरिचय कोठून झाला हे शोधताना कधी कधी अनपेक्षित वस्तू सापडतात. जखमेवर लावावयाच्या कित्येक मलमांत निओमायसिन असते. त्याची संवेदनक्षमता बहुधा आयजीईवाचून, त्वचेवर सावकाश उठणाऱ्या इसबाच्या रूपाने प्रकट होते. पण निओमायसिन व टोब्रामायसिन एकाच कुळातील असल्यामुळे एकाला चिडलेले शरीर पुष्कळदा दुसऱ्यालाही चिडते. अझ्ट्रिओनाम व सेफ्टाझिडिम ह्यांच्या रेणूंना एकसारखी शाखा असल्याने त्यांच्यातही असेच नाते आहे.

चौथा प्रकार उशिरा येतो आणि म्हणूनच फसवितो. छाती तत्काळ आवळत नाही. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी धाप, कोरडा खोकला व ताप सुरू होतो आणि क्ष-किरणचित्रात दोन्ही फुप्फुसांवर छाया दिसतात. येथे दाह श्वासनलिकांत नसून वायुकोशांत असतो. अमिकासिनला स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पुटिकांत भरून फवाऱ्याने देण्याचे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एका चिवट जंतूमुळे होणाऱ्या फुप्फुसरोगावर ते देतात. त्याच्या ३३६ रोग्यांवरील चाचणीत सहा महिन्यांत कफ जंतुमुक्त होणाऱ्यांचे प्रमाण नऊ टक्क्यांवरून एकोणतीस टक्क्यांवर गेले. परंतु श्वसनाच्या तक्रारी औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्क्यांना झाल्या, न घेणाऱ्यांपैकी ५० टक्क्यांना. त्यांतील बहुतेक तक्रारी आवाज बसणे, खोकला अशा होत्या. वायुकोशांचा ॲलर्जीजन्य दाह शंभरात तिघांच्या आसपास आढळला. अशा दाहात औषध बंद करून स्टेरॉइडे द्यावी लागतात.

प्रकार ओळखला की उपायही बदलतो. केवळ क्षोभ असेल तर फवाऱ्यापूर्वी पंधरावीस मिनिटे साल्ब्युटामॉल हुंगवून श्वासनलिका सैल करतात, द्रवाचा खारटपणा जुळवितात, संरक्षक द्रव्य नसलेली कुपी वापरतात, भुकटी सोडून फवाऱ्याकडे वळतात, किंवा फवारा अधिक सावकाश देतात. बहुसंख्य रोग्यांचे औषध एवढ्यानेच वाचते. हे उपाय अगदी साधे आहेत, आणि कदाचित म्हणूनच ते करून पाहण्यापूर्वी औषध बंद करण्याची घाई होते.

खऱ्या ॲलर्जीत मात्र सैल झालेल्या श्वासनलिकांवर विसंबता येत नाही. तेथे शरीराला ते औषध सहन करावयास पुन्हा शिकवावे लागते. ह्या विद्येचा उगम एका उलट्या अनुभवात आहे. फ्रान्समधील शार्ल रिशे व पोल पोर्तिए हे समुद्रपुष्प ह्या प्राण्याच्या विषाविरुद्ध कुत्र्यांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण करू पाहत होते. पहिल्या मात्रेतून सुखरूप वाचलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अल्पशा दुसऱ्या मात्रेने काही मिनिटांत मेला. संरक्षणाऐवजी हाती आले ते त्याच्या नेमके उलट. १९०२ मध्ये त्यांनी ह्या घटनेला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले, आणि १९१३ मध्ये रिशे ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लवकरच पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील बेस्रेडका ह्यांनी दाखविले की रक्तद्रवाला असा संवेदनक्षम झालेला प्राणी आधी अगदी अल्प मात्रा दिल्यास पुढील मोठी मात्रा सोसू शकतो. आज डिसेन्सिटायझेशन ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचाराचा पाया हाच.

त्याची उपयुक्तता ठसठशीतपणे दिसली ती गर्भवतींच्या बाबतीत. उपदंश झालेल्या गर्भवती स्त्रीच्या बाळाला वाचविण्यासाठी पेनिसिलिनला तोड नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतील वैद्यांनी पेनिसिलिनची ॲलर्जी सिद्ध झालेल्या अशा गर्भवतींना तोंडावाटे ते वाढत्या मात्रांनी दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. ही पद्धती पुढे प्रमाण मानली गेली. पहिली मात्रा १०० युनिटांची. नंतर दर पंधरा मिनिटांनी साधारणपणे दुप्पट. चौदा मात्रांत, म्हणजे चार तासांच्या आतच, एकूण सुमारे तेरा लाख युनिटे पोटात जातात. बुद्धिबळाच्या पटावर घरोघर दुप्पट दाणे मागणाऱ्याची गोष्ट आपण ऐकलेली आहे. तीच गणिती युक्ती येथे रोग्याच्या बाजूने वापरली जाते. दहा वेळा दुप्पट केले की मूळ मात्रा हजारपट होते. टोब्रामायसिनच्या पूर्ण मात्रेचा हजारावा भाग म्हणजे ०.३ मिलिग्रॅमपासून निघाल्यास दहा पायऱ्यांत ३०० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचता येते.

अल्प मात्रेने पेशी का फुटत नाही? औषधाचे मोजके रेणू मोजक्याच प्रतिपिंडांना जोडतात. तो इशारा पेशीला फोडण्याइतका प्रबळ नसतो. असे हळूहळू होत गेले म्हणजे पेशी काही ग्राही आत ओढून घेते व इशारे पुढे पाठविणारी तिची आतील यंत्रणा मंदावते, असे संशोधक मानतात. प्रतिपिंड नाहीसे झालेले नसतात. पहारेकरी जागेवरच असतात, फक्त निजविलेले असतात.

श्वासावाटे द्यावयाच्या औषधात हा उपचार अधिक नाजूक होतो, कारण प्रतिक्रिया ज्या इंद्रियात उमटायची त्याच इंद्रियात औषध ओतले जात असते. म्हणून प्रत्येक पायरीनंतर फुंकण्याची मोजणी करतात, आणि ती घसरली तर आधीच्या पायरीवर परत येतात. ॲड्रेनलिन भरलेली सिरिंज, प्राणवायू व शिरेत सुई ही तयारी हाताशी असल्यावाचून पहिला थेंबही देत नाहीत. रोग्याची श्वसनक्षमता मुळातच फार खालावलेली असेल तर चढण सुरू करण्यापूर्वी ती आधी सुधारून घ्यावी लागते. जेंटामायसिनला व नंतर टोब्रामायसिनच्या फवाऱ्यालाही प्रतिक्रिया दिलेल्या रोग्यात अशा रीतीने सह्यता आणता आल्याचे उदाहरण २००२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि त्यानंतर इतर औषधांचेही अनुभव नोंदले गेले आहेत. हा मार्ग सर्वांना खुला नाही. पूर्वी ज्या औषधाने अंगाची त्वचा सोलवटून निघाली, तोंडाडोळ्यांत फोड आले किंवा यकृतासारखी इंद्रिये सुजली, ते औषध चढत्या मात्रांनीही पुन्हा देऊ नये. तेथे मास्ट पेशींचा प्रश्नच नसतो. वायुकोशांच्या दाहातही ह्या युक्तीचा भरवसा धरता येत नाही.

आता त्या विश्रांतीच्या महिन्याकडे परत येऊ. निजविलेले पहारेकरी औषध येत राहील तोवरच निजतात. दोनचार दिवसांचा खंड पडला की सह्यता ओसरते आणि पूर्ण मात्रा पुन्हा पहिल्याइतकीच धोक्याची होते. टोब्रामायसिनचा क्रम मात्र मुद्दाम खंडित ठेवलेला आहे, कारण अखंड मारा केल्यास औषधाला न जुमानणारे जंतूच तेवढे शिल्लक राहण्याचे भय असते. फुप्फुसाला एक नियम हवा, जंतूला दुसरा. ह्यातून वैद्य निरनिराळ्या वाटा काढतात. कोणी विश्रांतीच्या महिन्यातही रोजची लहानशी मात्रा चालू ठेवतात आणि जंतूंच्या प्रतिकाराची तपासणी वारंवार करतात. कोणी दर दोन महिन्यांनी रोग्याला एक दिवस रुग्णालयात ठेवून सारी चढण पुन्हा चढवितात. ज्यांचे गाव रुग्णालयापासून दूर आहे त्यांना हे परवडणारे नसते. कोणी दुसऱ्या कुळातील औषध असेल तर टोब्रामायसिन त्या रोग्यापुरते बाजूलाच ठेवतात. माझ्या मते ह्यांतील पहिली वाट आपल्या परिस्थितीत अधिक व्यवहार्य आहे, जर कफाची तपासणी करणारी प्रयोगशाळा जवळ असेल तर.

सह्यता मिळालेल्या रोग्याला घरी पाठविताना ह्याची स्पष्ट कल्पना द्यावी लागते. लग्नकार्यासाठी परगावी जाताना नेब्युलायझर घरी राहिला, औषधाचा साठा दुकानात संपला, दोन दिवस वीज नव्हती, अशी कारणे घडतच असतात. एखादी वेळ चुकली तर ती दूरध्वनीवरून वैद्याला कळवावयाची; त्याहून मोठा खंड पडला तर घरी पूर्ण मात्रा न घेता पुन्हा रुग्णालयात यावयाचे आणि ०.३ मिलिग्रॅमपासून आरंभ करावयाचा.